मोटारीतले गाणे आणि ‘फार सोपी’ ठरलेली एक कल्पना

नव्या मोटारींच्या माहितीपत्रकांत इंजिनाच्या ताकदीशेजारी हल्ली आणखी एक ओळ छापलेली आढळते : इतके स्पीकर, ‘हाय-रेझ’ ध्वनी, फ्लॅक फाइल चालते. विक्रेताही ती ओळ वाचून दाखवतो, घेणारा मान डोलावतो आणि दोघांपैकी कोणीही पुढे काही विचारत नाही. फ्लॅक म्हणजे काय, ती एमपी-थ्रीहून वरचढ का मानली जाते आणि ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या पत्र्याच्या डब्यात तो वरचढपणा कानापर्यंत पोहोचतो का, हे प्रश्न खरे तर भौतिकशास्त्राचे आहेत. त्यांची उत्तरे शोधत मागे गेले की इतिहास शिकागो, टोकिओ आणि एर्लांगेन या गावांतून जातो, हे अपेक्षितच आहे. पण तो बंगळूर, कानपूर आणि कोलकात्यावरूनही जातो, आणि ही गोष्ट आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच सांगितली जाते.

मोटारीतल्या संगीताचा आरंभ थोडक्यात सांगतो. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला. ‘मोटोरोला’ हे नाव त्याच यंत्राचे, पुढे ते कंपनीचे झाले. १९५६ मध्ये क्रायस्लर कंपनीने डॅशबोर्डखाली चक्क ग्रामोफोन बसवला. त्याचा कर्ता पीटर गोल्डमार्क हा दीर्घवादन तबकडीच्या जनकांपैकी एक होता. मिनिटाला १६⅔ फेरे घेणारी सात इंची तबकडी आणि खड्ड्यांत उडू नये म्हणून जड दाबाची सुई अशी ती योजना होती. सुई तबकडी झिजवी, ग्राहक कंटाळले आणि काही वर्षांतच प्रयोग गुंडाळला गेला. मोटारीला साजेसे माध्यम १९६३ साली फिलिप्सने आणले, ते म्हणजे कॅसेट. आपल्याकडे १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा ग्रामोफोन कंपनीची जुनी मक्तेदारी मोडली, शेकडो लहान उत्पादक उभे राहिले, आणि लोकगीते, कव्वाल्या, भजने ट्रकच्या केबिनमधून देशभर फिरू लागली. ध्वनीच्या दर्जाची तक्रार कोणी केली नाही. फितीची सरसर इंजिनाच्या आवाजात बुडून जात असे. हे साधे निरीक्षण ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचे आपल्याला काम पडणार आहे.

अंकीय ध्वनीची कल्पना कॅसेटहून जुनी आहे. अलेक रीव्हज या ब्रिटिश अभियंत्याने १९३७ मध्ये पॅरिसच्या प्रयोगशाळेत काम करताना मांडले की ध्वनिलहरीची उंची ठरावीक अंतराने मोजावी आणि लहरीऐवजी त्या मापांचे आकडे पाठवावेत. लहर वाटेत गढूळ होते, आकडा होत नाही. किती वेगाने मोजावे याचे उत्तर नायक्विस्टच्या १९२८ च्या आणि शॅननच्या १९४९ च्या निबंधांत आहे : ज्या सर्वोच्च कंप्रतेपर्यंतचा ध्वनी जपायचा, तिच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले तर मूळ लहर जशीच्या तशी परत मिळते. ‘जवळपास’ नव्हे, जशीच्या तशी. दोन नमुन्यांच्या मधला भाग हरवतो ही समजूत आजही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली जाते, पण गणित तिला आधार देत नाही.

माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ, म्हणून सेकंदाला ४० हजारांहून अधिक नमुने हवेत. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने ४४,१०० हा आकडा घेतला. हा आकडा कानाकडून नव्हे, चित्रफितीकडून आला. त्या काळी एवढी अंकीय माहिती साठवू शकणारे सोयीचे यंत्र म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने, प्रत्येक क्षेत्रात २४५ उपयोगी ओळी आणि सेकंदाला ६० क्षेत्रे यांचा गुणाकार ४४,१०० होतो. युरोपातील पद्धतीत २९४ ओळी आणि ५० क्षेत्रे घेतली तरी तोच आकडा येतो. दोन खंडांच्या दूरदर्शन पद्धतींचा हा सामाईक गुणाकार आज आपल्या प्रत्येक मोटारीत वाजतो आहे.

प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. १९८४ च्या सुमारास पायोनियर आणि सोनी यांनी मोटारीत बसणारे सीडी प्लेयर आणले. खड्ड्यातला धक्का लेझरला चुकवी, पण तबकडीवरचे ओरखडे फारसे जाणवत नसत. याचे श्रेय रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांच्या १९६० च्या निबंधाकडे जाते. त्यांच्या संकेतपद्धतीवर आधारलेली सीडीची रचना मार्गावरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा नष्ट झाला तरी तो पुरा भरून काढते. मात्र बिटांची संख्या तशीच प्रचंड राहिली. ती कमी करायची तर ध्वनीत नेमके काय अनावश्यक आहे हे आधी ओळखावे लागणार होते.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरचा. विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६१ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले, न्यू मेक्सिको विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढे कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवू लागले. संकेतातील माहिती थोडक्या आकड्यांत गोळा करण्याची सैद्धांतिकदृष्ट्या सर्वोत्तम रीत तेव्हा ठाऊक होती, ती म्हणजे कारहुनेन-लोएव्ह रूपांतर. पण ते रूपांतर प्रत्येक संकेतासाठी नव्याने काढावे लागते, आणि झटपट गणनेसाठी निरुपयोगी ठरते. अहमद यांना वाटले, साध्या कोसाइन फलांचा एक ठरीव संच घेतला तर तो या सर्वोत्तम रीतीच्या अगदी निकट जाईल. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे निधीसाठी प्रस्ताव पाठवला.

प्रस्ताव नामंजूर झाला. कल्पना फारच सोपी वाटते, अशा आशयाचा एका परीक्षकाचा शेरा होता, हे अहमद यांनीच १९९१ मध्ये लिहिलेल्या आठवणीत नोंदवले आहे. निधीशिवायच त्यांनी आपला विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधील सहकारी के. आर. राव यांच्यासह काम पुढे नेले. जानेवारी १९७४ मध्ये तिघांच्या नावाने काही पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, मराठीत विविक्त कोज्या रूपांतर. निबंधावरची तिन्ही नावे भारतीय होती. आज तुमच्या फोनमधले जवळजवळ प्रत्येक छायाचित्र, प्रत्येक चित्रफीत आणि बहुतेक गाणी या रूपांतरातून अथवा त्याच्या वंशजांतून गेलेली आहेत.

या ‘सोप्या’ कल्पनेत अवघड काय होते? ध्वनीचा एक छोटा तुकडा कापून घ्या. फूरियेच्या रीतीने त्याचे विश्लेषण करायचे तर गणित असे धरून चालते की हा तुकडा पुढे-मागे अनंतवेळा तसाच जोडलेला आहे. तुकड्याचा शेवट उंचावर आणि आरंभ सखल असेल तर प्रत्येक सांध्यावर खोटी उडी तयार होते, आणि ती उडी दाखवण्यासाठी पुष्कळ उच्च कंप्रतांची भर घालावी लागते. कोसाइन रूपांतर तुकड्याला आरसा लावते. प्रतिबिंब जोडले की सांध्यावर दोन्ही बाजू आपोआप जुळतात, उडी उरत नाही, आणि तुकड्यातली बहुतेक ऊर्जा पहिल्या थोड्या आकड्यांत गोळा होते. उरलेले आकडे इतके लहान असतात की ते ओबडधोबड लिहिले तरी चालतात. सांगून झाल्यावर हे खरोखर सोपे वाटते, आणि त्या परीक्षकालाही असेच वाटले असावे. प्रस्ताव लिहिणाऱ्या आम्हा लोकांना ही कथा थोडी अधिकच आवडते, हे मान्य करायला हवे. ‘नामंजूर’चे पत्र खिशात असताना ती दिलासा देते. पण तिचा उपयोग सावधपणे करावा. नाकारलेले बहुतेक प्रस्ताव योग्य कारणांनीच नाकारलेले असतात.

त्याच काळात जर्मनीत एर्लांगेनला डीटर झाइट्सर हे प्राध्यापक दूरध्वनीच्या तारेवरून उत्तम संगीत पाठवण्याच्या ध्यासात होते. त्यांच्या पेटंटच्या अर्जावर परीक्षकाने हे अशक्य असल्याचा आक्षेप घेतला. या आक्षेपाचे उत्तर शोधण्याचे काम कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्याकडे आले आणि त्यातून त्याचा १९८९ चा प्रबंध झाला. नव्या अंकीय दूरध्वनीत ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या असत. दोहोंची बेरीज १२८. एमपी-थ्रीच्या ज्या १२८ किलोबिट दराने आपली एक पिढी गाणी ऐकत वाढली, तो आकडा दूरध्वनीच्या तारेच्या मापाचा आहे. सीडीच्या मानाने तो अकराव्या हिश्श्याइतका होतो.

मधला दुवा इंग्लंडमधील सरे विद्यापीठातला. कोसाइन रूपांतराने तुकडे वेगळे केले की त्यांच्या शिवणी ऐकू येत. प्रिन्सेन आणि ब्रॅडली यांनी १९८६-८७ मध्ये लगतचे तुकडे निम्मे-निम्मे एकमेकांवर सरकवून असे सुधारित रूपांतर बांधले की शिवणीतली चूक शेजारच्या तुकड्यातल्या उलट चुकीने नाहीशी होते. एमपी-थ्री, एएसी आणि आकाशवाणीच्या मध्यम लहरींवरील नव्या अंकीय प्रक्षेपणाची संकेतपद्धती या तिन्हींच्या पोटात हेच सुधारित रूपांतर आहे. ‘.mp3’ हे फाइलचे शेपूट, म्हणजे बिंदू आणि पुढे एमपी-थ्री, १४ जुलै १९९५ रोजी ठरले.




रूपांतराने आकडे मिळाले. त्यातले कोणते खरडून टाकायचे, हे कान ठरवतो. मोठा स्वर आपल्या शेजारच्या कंप्रतांवरच्या बारीक आवाजांना झाकोळून टाकतो, म्हणून तेथे गणनेतली चूक लपवता येते. या झाकोळाचा संकेतलेखनासाठी पद्धतशीर वापर सुचवणाऱ्या आरंभीच्या निबंधांत १९७९ चा एक निबंध आहे. त्याचे लेखक बेल प्रयोगशाळेतील श्रोडर, अटल आणि हॉल. त्यातल्या अटल यांच्याकडे लवकरच येऊ.

आधी तबल्याविषयी थोडे सांगायचे आहे, कारण एमपी-थ्रीचे दुबळे अंग तबल्यावर जेवढे उघडे पडते तेवढे व्हायोलिनवर पडत नाही. साध्या ताणलेल्या गोल पडद्याच्या कंप्रता मूलस्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा वेड्यावाकड्या असतात, म्हणून ढोल ‘सुरात’ नसतो. तबला आणि मृदंग मात्र सुरात लावता येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कोलकात्यात असताना, शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये याचे कारण मांडले आणि १९३४ मध्ये ते सविस्तर लिहिले. मधोमध लावलेली शाई पडद्याचे वजन अशा रीतीने वाटते की पहिल्या नऊ कंपनरीती पाचच स्वरांत येऊन बसतात, आणि ते पाच स्वर एक, दोन, तीन, चार, पाच या सरळ प्रमाणात असतात. कोणा अनामिक कारागिराने शेकडो वर्षांपूर्वी हाताने सोडवलेले हे पडद्याच्या कंपनांचे समीकरण आहे. रामन परिणामाच्या तेजात त्यांचे हे काम झाकले गेले. माझ्या मते ते त्यांच्या सर्वांत देखण्या कामांपैकी एक आहे.

तर तबल्याचा बोल म्हणजे दोन गोष्टी : क्षणार्धाचा तीक्ष्ण आघात आणि त्यामागून येणारी सुरेल आस. आसेसाठी लांब तुकडा हवा, म्हणजे कंप्रता नेमकी कळते. आघातासाठी आखूड तुकडा हवा, म्हणजे वेळ नेमकी कळते. दोन्ही एकाच वेळी नेमके कळत नाही, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. एमपी-थ्रीचा लांब तुकडा ५७६ आकड्यांचा, म्हणजे सुमारे १३ मिलिसेकंदांचा असतो आणि शेजाऱ्यांवर सरकलेला असल्याने तो त्याच्या दुप्पट पसरतो. बोल तुकड्याच्या अखेरीस पडला तर गणनेतली चूक सबंध तुकड्यात, बोलाच्या आधीच्या शांततेतही पसरते. बोलाच्या आधी एक फिसकारा येतो, त्याला पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. आघातानंतरचा आवाज कान बराच वेळ झाकतो, आघाताआधीचा मात्र काही मिलिसेकंदच. म्हणून संकेतलेखकाला आघात ओळखून ऐनवेळी आखूड तुकड्यांवर जावे लागते. युरोपात या चाचणीसाठी कॅस्टनेट वापरली गेली. मंद दराच्या एमपी-थ्रीवर एखादा द्रुत कायदा ऐकून पाहावा, बोलांची धार बोथट झालेली चांगल्या हेडफोनवर स्पष्ट कळते. २५६ किलोबिट अथवा अधिक दराला मात्र बहुतेकांना ती कळत नाही, आणि त्यात कमीपणाही नाही.

फ्लॅकचा वंश वेगळा आहे. तिच्यात कोसाइन रूपांतर नाही, कानाची फसवणूक नाही, आणि काहीही टाकून दिलेले नाही.

बिष्णू अटल १९३३ साली कानपूरला जन्मले, लखनौला भौतिकशास्त्र शिकले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आधी विद्यार्थी व १९५७ ते १९६० या काळात ध्वनिशास्त्राचे अध्यापक होते. १९६१ पासून ते बेल प्रयोगशाळेत होते. दूरध्वनीवरचे बोलणे कमी बिटांत बसवण्यासाठी त्यांनी श्रोडर यांच्यासह १९६७ च्या सुमारास रेषीय पूर्वानुमानाची रीत आणली. जपानमध्ये इताकुरा आणि साइतो यांनीही स्वतंत्रपणे, जवळजवळ त्याच सुमारास हा मार्ग धरला होता. मुळातली कल्पना आणखी जुनी आहे : उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये सूर्यावरील डागांच्या वार्षिक आकड्यांसाठी हेच केले होते. मागील वर्षांच्या आकड्यांना ठरावीक वजने देऊन बेरीज करायची आणि पुढचा आकडा वर्तवायचा. ध्वनीचा पुढचा नमुनाही मागच्या नमुन्यांवरून असाच वर्तवता येतो, कारण गळा असो वा तार, कंप पावणारी वस्तू क्षणार्धात आपली चाल बदलू शकत नाही.

अंदाज कधीच पूर्ण बरोबर नसतो. फ्लॅक अंदाजाची वजने लिहून ठेवते, आणि अंदाज व वास्तव यांतला फरकही बिट न बिट लिहून ठेवते. फरक लहान आकड्यांचा असतो, म्हणून थोड्या जागेत मावतो. लहान आकड्यांना आखूड आणि मोठ्यांना लांब संकेत देण्याची तिची रीत नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील रॉबर्ट राइस यांनी १९७० च्या दशकात अंतराळयानांच्या माहितीसाठी घडवलेली आहे. वाजवताना अंदाज आणि फरक यांची बेरीज केली की मूळ आकडे जसेच्या तसे परत येतात. फाइल सीडीच्या मानाने साधारण निम्मी ते साठ टक्के होते. जॉश कोल्सन या प्रोग्रॅमरने २००० साली हे काम सुरू केले, जुलै २००१ मध्ये पहिली पक्की आवृत्ती खुली केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिला आरएफसी ९६३९ म्हणून इंटरनेटच्या मानकांत स्थान मिळाले. अटल यांची कल्पना बोलण्यासाठी होती. पुढे त्यांच्याच कामाचा एक फाटा मोबाइलवरील संभाषणाच्या संकेतपद्धतींत गेला, आणि दुसरा, त्यांनी योजलेलाही नसेल असा, गाण्याच्या फाइलींत आला.




आता मोटार सुरू करू.

१६ बिटांनी सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांत ९८ डेसिबेलचे अंतर मिळते. २४ बिटांनी सिद्धांतानुसार १४६. महामार्गावर खिडक्या बंद असतानाही मोटारीत ६५ ते ७० डेसिबेल गोंगाट असतो, आणि त्याचा मोठा भाग टायर आणि इंजिनाच्या खालच्या कंप्रतांत असतो. झाकोळाचा नियम असा की खालचा आवाज वरच्याला अधिक झाकतो, वरचा खालच्याला कमी. म्हणजे गोंगाट नेमका तंबोऱ्याच्या खर्जावर बसतो आणि तेथून वर पसरतो. संथ आलापीपासून द्रुत तानेपर्यंत मैफिलीत ५०-६० डेसिबेलचा पल्ला सहज असू शकतो. गोंगाट ७०, त्याच्या वर ६० मिळवा : बेरीज १३० डेसिबेल, म्हणजे कान दुखण्याची मर्यादा ओलांडली. म्हणून धावत्या मोटारीत सबंध पल्ला ऐकणे हे यंत्राच्या किमतीने सुटणारे कोडेच नाही. एक तर आलाप बुडतो, नाही तर तान कानावर आदळते. बोट सतत आवाजाच्या बटणाकडे जाते ते यामुळेच. कॅसेटची सरसर कोणाला ऐकू आली नाही, त्याचेही कारण हेच.

मग २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या ‘हाय-रेझ’ फाइलींचे काय? शांत खोलीतही त्यांचा प्रश्न वादग्रस्त आहे. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाचा ध्वनी मधेच सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवला. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखीच. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांवर चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा अचूकतेचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि आधी सराव दिलेल्या श्रोत्यांत ते साठच्या आसपास गेले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने परिणाम शून्य नाही. परंतु हा परिणाम निःशब्द खोलीत, सराव केलेल्या कानांना, एकाग्र होऊन मिळालेला आहे. वाहतुकीच्या सिग्नलवर तो मिळेल असे मानायला माहितीपत्रकाखेरीज आधार नाही.

फोनमधली फ्लॅक ब्लूटूथने मोटारीला पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ब्लूटूथची सर्वत्र चालणारी मूळ ध्वनिपद्धती उत्तम स्थितीत सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट पाठवते, त्यामुळे फ्लॅक आधी उलगडली जाते आणि मग पुन्हा, यावेळी कायमची घट सोसून, दाबली जाते. डॅशबोर्डवर ‘फ्लॅक’ ही अक्षरे दिसत असली तरी स्पीकरला फ्लॅक मिळत नसते. सोनीची एलडॅक पद्धती ९९० किलोबिटपर्यंत जाते, पण दोन्ही टोकांना ती असावी लागते. सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे पेन ड्राइव्ह : मोटारीचे यंत्र स्वतः फाइल उलगडते, मधे कोणी नाही. ६४ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर सीडी दर्जाचे फ्लॅक संगीत दीडशे तासांहून अधिक मावते. जागा वाचवण्याचे कारणच आज उरलेले नाही. त्यामुळे मोटारीत फ्लॅक वाजवू नये असे माझे म्हणणे नाही. तिच्यासाठी महागडी ध्वनियंत्रणा घेताना आवाजरोधक काचा आणि कमी आवाजाचे टायर यांच्या किमतीही विचाराव्यात, डेसिबेलमागे किंमत तेथे बहुधा स्वस्त पडते.

फ्लॅकची खरी गरज मोटारीत नसून कपाटात आहे. २००० नंतरच्या दशकात आपल्याकडे शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपी-थ्री तबकड्या सर्वत्र विकल्या गेल्या. सातशे मेगाबाइटमध्ये १२८ किलोबिटने तेवढीच गाणी बसतात. आकाशवाणीवरून कोणी घरी ध्वनिमुद्रित केलेली बैठक, खाजगी मैफिलीची स्पूल, आजीच्या ओव्यांची कॅसेट असे बरेच काही याच काळात घरोघरी एमपी-थ्रीत उतरले, आणि फिती फेकून दिल्या गेल्या. त्या काळच्या संकेतलेखकाने ज्या कंप्रता कानाला अनावश्यक ठरवल्या, त्या गेल्या. तबल्याच्या उपस्वरांचा अभ्यास करणाऱ्या उद्याच्या रामनना ‘अनावश्यक’ काय हे त्या संकेतलेखकाला ठाऊक नव्हते. एमपी-थ्रीची नंतर फ्लॅक केली तरी गेलेले परतत नाही, फक्त फाइल फुगते. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि विनाघट साठवण सुचवते, ती श्रोत्याच्या कानासाठी नाही. फितीवरची सरसर, खरखर, विजेची गुणगुण यांचेही नमुने नीट असले तर पुढे त्या गणिताने वेगळ्या काढता येतात. घरात अशी कॅसेट अजून असेल तर तिला बुरशी लागण्याआधी एकदा नीट, विनाघट उतरवून ठेवावी, आणि फीत त्यानंतरही फेकू नये.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. सीडीवरून तबल्याच्या एकलवादनाची फ्लॅक तयार करा. तिचीच १२८ किलोबिटची एमपी-थ्री करा. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घेऊन दोन्ही एकाखाली एक ठेवा, एमपी-थ्री आपल्या आरंभी हजार-दोन हजार नमुन्यांचा उशीर लावते तेवढी ती मागे सरकवा, एक बाजू उलटी करा आणि बेरीज ऐका. जे ऐकू येईल ते टाकून दिलेले संगीत आहे, आणि ते पहिल्यांदा ऐकताना धक्का बसतो. मात्र ते एकटे ऐकू आले म्हणजे मूळ वादनातही ऐकू आले असते असे होत नाही, झाकोळाचा अर्थच तो. म्हणून दुसरा भाग : मित्राला पडद्यामागे बसवून दोन्ही फाइली नाव न सांगता वीस वेळा वाजवायला सांगा आणि उत्तरे लिहा. वीसपैकी पंधरा अथवा अधिक बरोबर आली तर योगायोगाची शक्यता सुमारे दोन टक्के उरते. हाच प्रयोग आधी उभ्या मोटारीत इंजिन बंद ठेवून करावा, मग तिसऱ्या कोणाला तरी चालवायला बसवून महामार्गावर. दोन्ही वेळचे आकडे टिप्पणीत कळवा, सोबत मोटारीचा वेग आणि फोनवर मोजलेला गोंगाट लिहायला विसरू नका.